गच्चीवरचे अँटेना, समोरची गॅलरी आणि सोसायटीची जबाबदारी

कर्वेनगरचा_सचिव (धागाकर्ता)

नमस्कार. कर्वेनगरमधील अठ्ठावीस सदनिकांच्या एका जुन्या सोसायटीचा मी गेली तीन वर्षे सचिव आहे. आमच्या गच्चीवर नऊ वर्षांपासून दोन कंपन्यांचे मोबाईलचे अँटेना आहेत आणि त्यांचा करार या दिवाळीनंतर संपतो आहे. नूतनीकरण करताना ५जीची नवी पॅनेलही बसवू द्यावीत, असा प्रस्ताव आला आहे. मिळणाऱ्या भाड्यातून लिफ्टची देखभाल आणि वॉचमनचा पगार निघतो, त्यामुळे बरेच सभासद नूतनीकरणाच्या बाजूने आहेत.

गेल्या रविवारी सभा सुरू असताना समोरच्या इमारतीतील पाच कुटुंबे सह्यांचे पत्र घेऊन आली. त्यांच्या पाचव्या मजल्याची गॅलरी आमच्या अँटेनाच्या अगदी समोर, जवळजवळ त्याच उंचीवर येते. पत्र माझ्या हातात देताना एका बाईंनी कडेवरच्या बाळाकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "हा दिवसभर याच गॅलरीत खेळतो. याला काही होणार नाही, एवढे तुम्ही मला याच्याकडे बघून सांगा." मला ते सांगता आले नाही, कारण मला ते माहीतच नव्हते, आणि नऊ वर्षांत आमच्यापैकी कोणीही ते माहीत करून घेतलेले नव्हते.

कंपनीचा प्रतिनिधी म्हणतो की सर्व काही नियमात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे संदेश म्हणतात की सर्वांना कॅन्सर होणार. या दोन्हींवर विसंबून मला सही करायची नाही. नियम नेमका काय आहे, प्रत्यक्ष प्रमाण कोण मोजून देते आणि सचिव या नात्याने माझ्या हातात काय आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

निवृत्त_संदेशवाहक

दूरसंचार क्षेत्रात तीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी एका शब्दाविषयी. आपल्याकडे रेडिएशनला सर्रास 'किरणोत्सर्ग' म्हणतात आणि त्या शब्दासरशी अणुभट्टी डोळ्यांपुढे उभी राहते. मोबाईलच्या लहरी हे 'प्रारण' आहे, प्रकाश आणि उष्णता यांच्याच कुळातले, पण दृश्य प्रकाशाहून कितीतरी कमी ऊर्जेचे. क्ष-किरण अणूमधून इलेक्ट्रॉन उखडून काढू शकतात आणि त्यातून डीएनएला थेट इजा होते. रेडिओ लहरींच्या कणात तेवढी ऊर्जा लाखो पटींनी कमी पडते. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे शरीर तापणे, आणि मर्यादाही त्याच आधारावर ठरवल्या आहेत. संपूर्ण शरीरात प्रति किलो सुमारे ४ वॅट ऊर्जा शोषली गेली, तर प्राण्यांमध्ये तापमानवाढीचे परिणाम दिसू लागतात. अशा प्रारणापासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्याला ५०ने भागून सामान्य जनतेसाठी ०.०८ वॅट प्रति किलो ही मर्यादा धरली. बाळ, म्हातारी माणसे आणि आजारी माणसे गृहीत धरूनच हा ५०चा भागाकार केलेला आहे.

शरीराच्या आत मोजता येत नाही, म्हणून बाहेर हवेत किती ऊर्जा येते ते मोजतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झला (मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपने) ती प्रति चौरस मीटर ०.४५ वॅट होते, १८०० मेगाहर्ट्झला ०.९ वॅट आणि २००० मेगाहर्ट्झच्या पुढे १ वॅट. एकाच जागी अनेक पट्ट्यांच्या, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांच्या, लहरी येत असतील, तर प्रत्येक पट्ट्याचे त्याच्या मर्यादेशी असलेले गुणोत्तर काढून सगळ्यांची बेरीज करतात आणि ती बेरीज एकपेक्षा कमी असावी लागते. ही बेरीज महत्त्वाची आहे, कारण दोन कंपन्या स्वतंत्रपणे नियमात असूनही दोघींची मिळून बेरीज जास्त भरू शकते.

आता तुमच्या गच्चीकडे येतो. पॅनेल अँटेना चहूकडे सारखा फेकत नाही. उभ्या दिशेने त्याचा झोत जेमतेम सहा-सात अंशांचा असतो आणि तो क्षितिजाच्या किंचित खाली झुकवलेला असतो, दीपगृहाच्या झोतासारखा. म्हणून ज्या इमारतीवर अँटेना आहे तिच्या वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या खाली, प्रमाण बहुधा बरेच कमी असते. दिव्याखाली अंधार ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. झोत जातो तो समोर. अँटेनाला २० वॅट दिले आणि त्याने ते एका दिशेला एकवटून पन्नासपट केले, तर झोताच्या मध्यावर १० मीटरवर प्रति चौरस मीटर सुमारे ०.८ वॅट येतात, २० मीटरवर ०.२ आणि ५० मीटरवर जेमतेम ०.०३. अंतर दुप्पट झाले की प्रमाण चौथाईवर येते. दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांत एका अँटेनाच्या थेट समोर २० मीटर आणि दोन असतील तर ३५ मीटर अंतर सांगितले आहे, ते याच हिशेबाने.

तेव्हा त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर सर्वप्रथम अंतरात आहे. आपल्या अँटेनापासून त्यांची गॅलरी किती मीटरवर आहे? टेप लावा किंवा नकाशावर मोजा, पण अंदाजाने सांगू नका.

---

कर्वेनगरचा_सचिव

मनापासून आभार. मधला रस्ता आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून अंतर ३४ मीटर भरते. सकाळी मी आणि आमचे खजिनदार दोघांनी मिळून मोजले. परंतु त्या दिशेला दोन्ही कंपन्यांचे मिळून दोन अँटेना आहेत, म्हणजे आपण लिहिलेल्या ३५ मीटरच्या अगदी काठावर.

---

निवृत्त_संदेशवाहक

मग सूत्रावर थांबू नका, प्रत्यक्ष मोजणी करून घ्या. २०१७ साली दूरसंचार विभागाने 'तरंग संचार' हे संकेतस्थळ सुरू केले. आपल्या परिसरात कोणकोणते टॉवर आहेत आणि त्यांनी नियमपालनाचे प्रमाणपत्र दिले आहे का, हे तेथे कोणालाही पाहता येते. ४००० रुपये शुल्क भरून विशिष्ट जागी मोजणीची मागणी नोंदवण्याचीही सोय त्यावर आहे. मर्यादा ओलांडलेली आढळली तर कंपनीला प्रत्येक केंद्रामागे १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे या मोजणीला वजन असते.

---

मृण्मयी_सहकारनगर

वरचे आकडे मी दोनदा वाचले. तरीही मला लिहावेसे वाटते, कारण माझ्यासाठी हा प्रश्न आकड्यांपासून सुरू झालेला नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई मेंदूच्या गाठीने गेल्या. आमच्या चाळीस घरांच्या इमारतीत चार वर्षांत कॅन्सरचे तीन रुग्ण झाले आणि शेजारच्या गच्चीवर टॉवर आला तो त्याच्या आदल्याच वर्षी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेच २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात टाकले आहे. हा 'कदाचित' माझ्या घरात घडून गेला असेल, तर तो मी कोणत्या मर्यादेने भागायचा? ज्याची खात्री नाही त्यापासून लांब राहावे, असे आपल्या घरातली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत आणि ते मला आजही योग्य वाटते.

---

पर्वतीपायथा

मृण्मयीताईंशी सहमत. कंपनीच्या प्रतिनिधीच्या घरासमोर टॉवर आहे का, हे कोणी विचारत नाही.

---

रुग्णसेवक

मृण्मयीताई, आपल्या जाऊबाईंबद्दल वाचून फार वाईट वाटले. मी डॉक्टर आहे आणि असा प्रश्न विचारणारे नातेवाईक मला वर्षातून अनेकदा भेटतात. उत्तर देताना मी कधीही घाई करत नाही आणि येथेही करणार नाही.

भारतात आयुष्यभरात साधारण नऊ जणांमागे एकाला कॅन्सर होतो, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२२चा अंदाज आहे. चाळीस घरांत दीडशे माणसे राहत असतील, त्यांपैकी अनेक जण पन्नाशीच्या पुढचे असतील, तर चार वर्षांत तीन रुग्ण ही दुःखाची गोष्ट असली तरी टॉवर नसलेल्या इमारतीतही घडणारी गोष्ट आहे. शिवाय ते तीन कॅन्सर एकाच प्रकारचे होते की वेगवेगळे, हे पाहावे लागते. कारण एकच असेल तर प्रकार सहसा एकसारखा दिसतो. घट्ट स्वरूपाच्या गाठी तयार व्हायला बहुधा बरीच वर्षे लागतात, एका वर्षात असे होत नाही.

२०११च्या वर्गीकरणाबद्दल. तो गट '२ बी' आहे. पुराव्यात काही संशय आहे पण तो सिद्ध होत नाही, अशा गोष्टी त्या गटात टाकतात. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आणि आशियाई पद्धतीची लोणवलेली भाजीही त्याच गटात आहे. तो गट पुराव्याची ताकद सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. शिवाय तो निर्णय मुख्यतः कानाला फोन लावून तासन्तास बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवरून झाला होता, टॉवरवरून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे या विषयावर नव्याने सर्वंकष आढावा करवून घेतला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात मोबाईल वापर व मेंदूचा कॅन्सर यांच्यात संबंध आढळला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या सरकारी प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या होत्या. मात्र त्या उंदरांच्या संपूर्ण शरीराला दिवसाचे नऊ तास, दोन वर्षे, प्रति किलो ६ वॅटपर्यंत प्रारण दिलेले होते, म्हणजे जनतेच्या ०.०८च्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या ७५ पट. म्हणून संशोधन चालू राहावे, असेच माझे मत आहे. पण संशोधन चालू असणे आणि धोका सिद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

मृण्मयी_सहकारनगर

डॉक्टरसाहेब, आपण शांतपणे लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. तिघांचे कॅन्सर वेगवेगळे होते, हे मी मान्य करते. माझ्या जाऊबाईंचे कारण मला आता कळणार नाही, हेही हळूहळू स्वीकारते आहे. परंतु माझी एक तक्रार कायम आहे. आमच्या शेजारी टॉवर आला तेव्हा आम्हाला कोणीही काहीही सांगितले नाही. एक दिवस क्रेन आली आणि संध्याकाळपर्यंत खांब उभा राहिला. समोर राहणाऱ्यांना आधी भेटून, किती प्रमाण येणार आहे ते कागदावर दाखवून, नंतर मोजून दिले असते, तर कदाचित मी इतकी वर्षे रात्री त्या खांबाकडे बघत बसले नसते. सचिवांना माझी विनंती आहे की त्या पाच कुटुंबांना मोजणीच्या वेळी सोबत उभे करा.

---

रुग्णसेवक

यावर माझे आपल्याशी पूर्ण एकमत आहे.

---

भोसरीकर_तंत्रज्ञ

चर्चा टॉवरभोवती फिरते आहे, म्हणून कारखान्यातली बाजू मांडतो. भोसरीत मी सतरा वर्षे प्लॅस्टिक वेल्डिंगच्या यंत्रावर काढली. फायलींची कव्हरे, रेनकोट, पाऊच यांच्या कडा जोडायला आम्ही २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतो. दोन पितळी साच्यांमध्ये प्लॅस्टिक ठेवून पायाने पेडल दाबले की दोन-तीन सेकंदांत कड वितळून चिकटते. ज्या लहरी प्लॅस्टिक वितळवतात त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर असतात, आणि हे काम दिवसातून हजार वेळा होते.

यंत्र नवीन असताना साच्याभोवती धातूचे आच्छादन होते. काम पटपट उरकावे म्हणून ते काढून कोपऱ्यात ठेवले गेले आणि तेथेच गंजले. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली गरम लागते, असे माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई म्हणायच्या आणि आम्ही ते उन्हाळ्यावर ढकलायचो. पुढे एका तपासणीत मीटर आणला, तेव्हा आच्छादनाशिवाय बसायच्या जागेवर काटा पार टोकाला गेला. आच्छादन परत बसवल्यावर तो खाली आला. त्या दिवसापासून मी धातूचे बकल आणि घड्याळ काढून कामाला बसायला सांगू लागलो. मोबाईलच्या टॉवरला घाबरणाऱ्या कोणत्याही माणसाने कधी आमच्या शेडमध्ये येऊन विचारपूस केली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

---

फिजिओ_नेहा

भोसरीकरदादा, आपल्या यंत्राची आणि आमच्या शॉर्टवेव्ह डायथर्मीची, म्हणजे लहरींनी शेक देणाऱ्या यंत्राची, वारंवारता एकच आहे, २७.१२ मेगाहर्ट्झ. गुडघ्याला किंवा पाठीला शेक देताना रुग्णाला हवी असते ती हीच उष्णता. पण रुग्णाची पट्टी बांधून झाली की चालू यंत्रापासून आणि त्याच्या तारांपासून किमान एक मीटर दूर व्हायचे, असे आम्हाला शिकवले जाते. पेसमेकर असलेल्या माणसाला हा शेक देत नाहीत, आणि अशा माणसाने चालू यंत्राजवळ बसूही नये. प्रत्यक्षात दवाखाने लहान असतात. पडद्याच्या एका बाजूला यंत्र आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या रुग्णाची खाट. गरोदर असताना मी माझी पाळी शेकाच्या खोलीतून बदलून मागितली होती आणि ती मिळाली. प्रत्येकीला ती मिळत नाही.

---

आजोबा_कोथरूड

मला चार वर्षांपासून पेसमेकर आहे. फोन डाव्या खिशात ठेवायचा नाही, यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर लांब राहील असा उजव्या कानालाच लावायचा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि ते मी पाळतो. फिजिओताईंनी सांगितलेली पडद्यापलीकडच्या खाटेची गोष्ट मात्र मला आजवर कोणी सांगितली नव्हती. पुढच्या आठवड्यात खांद्यासाठी जायचे आहे. तेथे आधी विचारून घेईन. आभारी आहे, बाळा.

---

नारायणगावचा_निनाद

आमच्या गावाशेजारी खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. शाळेत असताना विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला गेलो की तिथले लोक सांगायचे की आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की मोबाईलची हाकही त्यांना गोंगाट वाटते. पुणे-नाशिक जलदगती रेल्वेचा मार्गही या दुर्बिणीमुळे बदलण्याची वेळ आली, हे अनेकांना आठवत असेल. लहानपणी मला वाटायचे, दुर्बिणीला त्रास होतो म्हणजे माणसाला होतच असणार. पुढे कळले की या दोन मापांमध्ये कल्पनेपलीकडचे अंतर आहे. दुर्बीण जे ऐकते त्यातून माणसाच्या अंगावरचा केसही तापणार नाही. मोबाईलचा 'सिग्नल येतो' म्हणजे 'धोका आहे' असे नव्हे, हे मला खोडदने शिकवले.

---

पौडरोड_रहिवासी

एक व्यावहारिक प्रश्न आहे. टॉवर काढून टाकला तर आपल्या घरातले प्रमाण कमीच होईल ना?

---

निवृत्त_संदेशवाहक

टॉवरकडून येणारे कमी होईल, पण फोनकडून येणारे वाढेल. फोन आणि टॉवर सतत एकमेकांशी बोलून शक्ती ठरवतात. टॉवर जवळ असेल तर फोन अगदी हळू बोलतो. लांब असेल किंवा आपण तळघरातील पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये, जाड दगडी भिंतीच्या वाड्यात असू, तर तो ओरडतो. ४जीचा फोन कमाल ०.२ वॅटपर्यंत जातो. आकडा लहान आहे, पण तो आपण डोक्याला चिकटवून धरतो आणि अंतराचा वर सांगितलेला नियम तेथेही लागू आहे. शहरातल्या बहुतेक माणसांच्या शरीरात जाणाऱ्या प्रारणाचा मोठा वाटा स्वतःच्या फोनचा असतो, समोरच्या टॉवरचा नसतो. सिग्नलची एकच कांडी उरली असेल तेव्हा लांबलचक बोलणे टाळावे, इयरफोन लावावा, मुलांच्या हाती फोन द्यायचाच असेल तर कानाला लावून नव्हे. फोनवर *#०७# दाबले की त्याचा शोषणदर, म्हणजे शरीर त्याची किती ऊर्जा शोषते तो दर, दिसतो. भारतात एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून तो १.६ वॅट प्रति किलोच्या आत असावा लागतो; वरची ०.०८ ची मर्यादा संपूर्ण शरीराची आहे, ही शरीराच्या छोट्या भागाची.

---

सुगंधा_धायरी

माझ्या सासूबाईंनी फोनच्या मागे चिकटवायची 'रेडिएशनरोधक' चकती एका प्रदर्शनातून आठशे रुपयांना आणली. आपण वर लिहिले आहे त्यावरून, तिने फोनचा अँटेना झाकला जात असेल तर फोन उलट जास्त जोराने बोलेल, हे बरोबर का?

---

निवृत्त_संदेशवाहक

अगदी बरोबर. चकतीने काहीच अडत नसेल तर ती निरुपयोगी आहे, आणि अडत असेल तर फोन शक्ती वाढवतो. ती काढून टाका.

---

हडपसर_विलास

सचिवांसाठी एक सावधगिरीची सूचना. गच्चीवर टॉवर लावून देतो, महिन्याला मोठे भाडे देतो, आधी नोंदणी शुल्क भरा, असे फोन माझ्या ओळखीतील दोन सोसायट्यांना आले आणि एकीने पैसे भरलेही. दूरसंचार विभाग किंवा दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) अशा कामासाठी कोणाकडूनही शुल्क घेत नाही आणि 'ना हरकत' पत्रही देत नाही. करार करताना थेट कंपनीची खात्री करून घ्या, आणि खांब, बॅटऱ्या व जनरेटर यांचे वजन जुना स्लॅब पेलतो का, याचे प्रमाणपत्र स्वतंत्र अभियंत्याकडून घ्या. गळक्या गच्चीवर आणखी एक खांब ठोकण्यापूर्वी वॉटरप्रूफिंगही तपासा.

---

रंगकाम_सदाशिव

मी इमारतींच्या रंगकामाचे ठेके घेतो. या धाग्यावर गॅलरीतल्या बाळाविषयी सगळ्यांनी विचार केला, ते योग्यच आहे. मला गच्चीवर चढणाऱ्या माणसाबद्दल सांगायचे आहे.

तीन वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या पॅरापेटला बाहेरून रंग द्यायचा होता. माझा मुलगा आणि दोन कारागीर वर गेले. तिथे पांढऱ्या उभ्या पेट्या होत्या, माणसाच्या उंचीच्या. सावलीसाठी मुलाने आपला शर्ट एका पेटीवर टाकला, डबा तिच्या पायाशी ठेवला आणि तिला पाठ टेकून सुमारे दोन तास भिंत घासली. कोणीही त्याला अडवले नाही, कारण दाराला कुलूप नव्हते आणि कुठे पाटीही नव्हती. दुपारी कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला. तो मुलाला तेथे बसलेले पाहून धावत आला आणि हाताला धरून त्याला मागे घेऊन गेला. ती पेटी म्हणजे चालू अँटेना होता आणि मुलगा तिच्या तोंडासमोर बसला होता.

त्याला पुढे काही त्रास झाला नाही, देवाची कृपा. पण आम्ही रंगारी, टाकी धुणारे, सोलर बसवणारे, डिशवाले, आम्हाला ती पांढरी पेटी म्हणजे नुसते कपाट वाटते. वर तुम्ही लिहिले की अंतर दुप्पट झाले की प्रमाण चौथाईवर येते. मग समोरची गॅलरी ३४ मीटरवर आहे आणि माझा मुलगा शून्य मीटरवर होता, त्याचे काय?

---

निवृत्त_संदेशवाहक

सदाशिवराव, या धाग्यावर सर्वात आधी हाच मुद्दा यायला हवा होता आणि तो मी मांडला नाही, याची मला खंत वाटते. काही मीटरांच्या आत माझे वरचे सूत्रही चालत नाही. तेथे मर्यादा ओलांडली जाऊ शकते, म्हणूनच अँटेनासमोर माणसाला जाता येणार नाही असे कुंपण, कुलूपबंद दार आणि इशाऱ्याची पाटी आवश्यक ठरते. काम करायचेच असेल तर कंपनीला कळवून त्या बाजूचे प्रक्षेपण तेवढा वेळ बंद करवून घ्यावे लागते. सचिवसाहेब, मोजणी गॅलरीत तर कराच, पण पाण्याच्या टाकीच्या ओट्यावरही करा.

---

कर्वेनगरचा_सचिव

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. उशीर झाला, कारण मोजणी होऊन अहवाल हातात येईपर्यंत मला काही लिहायचे नव्हते.

४००० रुपये सोसायटीने भरले. दोन अधिकारी तिपाईवर लावायचा, टोकाला चेंडूसारखा भाग असलेला मीटर घेऊन आले. मृण्मयीताईंच्या सूचनेप्रमाणे समोरच्या पाचही कुटुंबांना बोलावले होते. सुरुवात त्यांच्याच गॅलरीपासून झाली. तो चेंडू आधी १.१ मीटर उंचीवर, मग १.५ आणि १.७ मीटरवर धरला गेला आणि प्रत्येक वेळी सहा मिनिटे आकडा स्थिर होऊ दिला. बाळाच्या आईने दर वेळी वाकून पडद्यावरचा आकडा स्वतः वाचला आणि वहीत लिहून घेतला. सगळ्या पट्ट्यांची मिळून बेरीज ०.०७ आली, म्हणजे मर्यादेचे सात टक्के. त्यांच्या आतल्या खोलीत ती ०.०१ होती. आमच्या वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या घरात, अँटेनाच्या थेट खाली, त्याहूनही कमी.

मग आम्ही गच्चीवर गेलो. आमच्या पाण्याच्या टाकीचा ओटा गच्चीच्या फरशीपासून सुमारे दीड मीटर उंच आहे आणि नंतर बसवलेला एक अँटेना त्याच्यापासून अडीच मीटरवर, बरोबर ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीच्या रांगेत येतो. तेथे बेरीज १.६ आली. अधिकाऱ्यांनी पुन्हा सहा मिनिटे मोजले, आकडा तोच राहिला. त्याच ओट्यावर उभा राहून दर तीन महिन्यांनी एक जण टाकी धुतो, आणि नऊ वर्षांतल्या एकाही सभेत त्याचा उल्लेख झाला नव्हता. त्याचे नावही मला वॉचमनकडून विचारून घ्यावे लागले.

सभेने नूतनीकरण मंजूर केले आहे, परंतु अटी घालून. तो अँटेना खांबावर आणखी तीन मीटर वर नेल्याशिवाय आणि ओट्यावरची बेरीज पुन्हा मोजून ती एकच्या खाली आल्याशिवाय सही होणार नाही. कंपनीने हे लेखी मान्य केले आहे. नवी पॅनेल लागल्यावर गॅलरीत आणि ओट्यावर फेरमोजणी होईल, तिचा खर्च कंपनीचा आणि प्रत समोरच्या इमारतीलाही. गच्चीच्या दाराला कुलूप बसवले आहे. मराठी आणि हिंदीत पाटी लागली आहे आणि तिच्यावर प्रक्षेपण बंद करवून घेण्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत आहे. किल्ली वॉचमनकडे असते. वर जाणाऱ्याचे नाव, काम आणि वेळ तो वहीत लिहितो.

टाकी धुण्याची पुढची पाळी या शनिवारी सकाळी आठला आहे. आठ ते दहा त्या बाजूचे प्रक्षेपण बंद ठेवण्याचे कंपनीने कळवले आहे. बंद झाल्याची खात्री झाल्यावरच किल्ली द्यायची, म्हणून मी स्वतः साडेसातला खाली थांबणार आहे. सदाशिवराव, आपल्याला जमत असेल तर चिरंजिवांना घेऊन या. दाराजवळची पाटी रंगाऱ्याच्या नजरेने वाचून, ती लांबून दिसते का आणि समजते का, एवढे सांगा.